आडवे, उभे आणि सोडवणाऱ्यांची पत्रे

इंग्रजी कोड्यातल्या एका चौकोनात एक वर्ण बसतो. आपल्या चौकोनात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार अशा साऱ्या लवाजम्यासह अख्खे अक्षर बसते. 'क्षत्रिय' तीन घरांत मावतो. इंग्रजीचे काम २६ वर्णांत भागते. आपली ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. म्हणून आडवा शब्द उभ्याला छेदतो तिथे व्यंजन जुळून भागत नाही, स्वरही जुळावा लागतो. 'पाणी'तला 'पा' 'पाऊस'ला चालतो, 'पिठले'ला चालत नाही. मराठी कोड्यात काळी घरे जास्त का, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच लिहून पाठवते.

*

पहिल्या ओळीत 'कमळ' घालायचे, तर 'ळ'खालचे घर काळे करावे लागते. ळ किंवा ण यांनी सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. 'णे' तर धातूंच्या शेपटाला कायमचा लागलेला. मी उजवीकडचा खालचा कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवते. आडवे 'बोलणे' आणि उभे 'उखाणे' तिथे एकमेकांना सुखाने भेटतात.

*

ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यावी, असे बरेच जण कळवतात. 'फूल'मधला फू दीर्घ, 'फुगा'तला ऱ्हस्व. एकाच घरातून दोन्ही जाऊ द्या, काय बिघडते? माझ्या मते बिघडते. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटसुलट सारखेच, असे आपण लहानपणी म्हणत आलो. एका टोकाला चि, दुसऱ्या टोकाला ची, तरी कानाला ते खपून जाते, कारण ते बोलायचेच वाक्य आहे. ('रामाला भाला मारा' मात्र चौकोनांतही तंतोतंत उतरते.) कोडे सोडवणारा डोळ्यांनी वाचतो आणि हाती आलेल्या एका वेलांटीच्या भरवशावर पुढचा शब्द शोधत असतो. ती वेलांटी खोटी निघाली, तर त्याचा भरवसा मोडतो.

*

शोधसूत्र : 'गरीब नदी उलटी वाहते (२)'. 'नदी' उलटी वाचली की 'दीन', म्हणजे गरीब. एका सोडवणाऱ्याने आपण कसे भरकटलो ते सविस्तर लिहिले. उलटी वाहणारी नदी म्हणजे पश्चिमेला जाणारी, हे त्याने धरले. नर्मदेला तीन अक्षरे, म्हणून ती बाद. तापीला दोन. तापी उलटवली तर 'पीता'. त्याचा गरिबीशी संबंध लावण्यात त्याचा बराच वेळ गेला. शेवटी 'नदी' हा शब्दच उलटायचा आहे, हे उमगले.

असे पत्र मला 'छान होते' या शाबासकीपेक्षा शतपटीने मोलाचे वाटते. उत्तर मला आधीच ठाऊक असते. त्यामुळे चकव्यात चालताना कसे वाटते, हे मला स्वतःच्या कोड्यात कधीच कळणार नसते. ते फक्त सोडवणारा सांगू शकतो. आणि हा चकवा प्रामाणिक होता: तापीवरून कोणी परत फिरला, तर 'गरीब' हा शब्द त्याला ठाम सांगतो की इथे काही नाही, पुढे जा.

*

'अवघड होते' आणि 'दोन उत्तरे बसतात' या तक्रारी मी वेगळ्या ठेवते. पहिलीवर बोलता येते. दुसरी खरी असेल, तर बोलायला काही उरत नाही. 'कर' या दोन अक्षरांत हात आला, किरण आला, सरकारी वसुली आली, संक्रांतीचा दुसरा दिवसही आला. एवढे अर्थ असलेला शब्द घेतला, तर छेदणारी अक्षरे पक्की हवीत.

*

'सांबार'साठी मी इडलीचे सूत्र दिले होते. नागपूरच्या एका बाईंनी कळवले की त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी तुम्ही खाल्ली नाही का? त्यांच्या पत्रातून नवे सूत्र तयार झाले: 'पुण्यात इडलीसोबत, नागपुरात पोह्यांवर (३)'. पहिल्यापेक्षा हे कितीतरी सरस आहे.

*

'खग', 'अज', 'रव' ही भरतीची मंडळी. कोपरा अडला की हाताशी येतात. वाचक त्यांना वैतागतात, ते योग्यच आहे. पण 'उतरंड', 'फडताळ', 'शिंकाळे' आता कोण म्हणतो, असे कोणी लिहिले तर मी मागे हटत नाही. 'उतरंड' छापल्यावर एका तरुणाने हा शब्द जुनाट म्हणून नापसंत केला. त्याच आठवड्यात एका आजींनी माहेरच्या उतरंडीत कुठल्या मडक्यात काय असे, ते वरपासून खालपर्यंत लिहून पाठवले. आजींचे पत्र मी त्या तरुणाला वाचायला पाठवले.

*

महाभारताच्या कथेत गणपतीची अट अशी की लेखणी थांबता कामा नये; व्यासांची अट अशी की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालतात. परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. गणपती क्षणभर विचारात पडतो, तेवढ्यात व्यास पुढचे रचून घेतात. मला यातली व्यासांची अट फार आवडते. श्रोता अडावा, पण अर्थ त्याला लागलाच पाहिजे.

*

जॉन ग्रॅहॅम हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक 'अरॉकेरिया' या नावाने 'गार्डियन'मध्ये कोडी घालत. जानेवारी २०१३मध्ये त्यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे एका कोड्यातूनच सांगितले: वर एक छोटी टीप, तिच्यात नुसते क्रमांक. उत्तरे भरत गेल्यावर वाक्य पुरे होत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. इतकी वर्षे ज्यांच्याशी चौकोनांतून बोलणे झाले, त्यांना हे चौकोनांतूनच सांगावेसे वाटणे मला अगदी समजते. त्या सकाळी पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसांचा मी अनेकदा विचार करते. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने पुरे केले.

*

सोलापूरच्या एका शाळकरी मुलाने स्वतः रचलेले सूत्र पाठवले: 'वारा उलटा फिरला की पक्षी होतो (२)'. रचना चोख आहे. 'पक्षी' फार मोघम वाटला, म्हणून कोणता पक्षी ते सांग, असे लिहिले. आठ दिवसांनी त्याचे कार्ड आले: 'वारा उलटा फिरला, पोपट झाला (२)'. वाचणारा आधी फजितीकडे धावणार, आणि उत्तर खरोखरच्या पोपटाचे. यातला एकही शब्द मला बदलावासा वाटत नाही. येत्या रविवारी उभा ७ म्हणून, त्याच्या नावासह.