एक इंच कमी

घरातील वडीलधाऱ्यांचे मोजमाप चुकले, की त्याचे कारण आपण त्यांच्या वयात शोधतो. ते कारण इतके सोयीचे असते, की दुसरे शोधावेसे वाटत नाही. वाचकहो, सुतारकामाचा छंद असलेले कोणी ज्येष्ठ आपल्या घरी असतील, तर अशा वेळी प्रथम त्यांचा टेप हातात घेऊन पाहावा, अशी माझी विनंती आहे.

माझे सासरे 78 वर्षांचे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते करवत, रंधा आणि पटाशी यांत रमतात. गुडघ्यांमुळे सासूबाईंना देवापुढे पाटावर बसणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी सागवानी स्टूल करावयास घेतले. सासूबाईंना खुर्चीवर बसवून, पावले पूर्ण टेकलेली असताना, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंतची उंची घेतली. ती 16 इंच भरली. उठताना जोर कमी लागावा म्हणून स्टूल 17 इंचांचे ठरले. तयार झाले ते 16 इंचांचे. एका इंचाने काय बिघडते, हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच विचारावे!

आदल्या आठवड्यात औषधांची फळीही आखूड झाली होती. “अण्णा, आता करवत ठेवून द्या,” असे घरात बोलले गेले. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी हत्यारे फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. त्या दिवसापासून ते दुपारभर नुसते पडून राहू लागले, जेवणही कमी झाले. मला काळजी वाटली ती याची.

मी फळी आणि स्टुलाचे पाय पुन्हा मोजले. प्रत्येक तुकडा नेमका एकच इंच कमी! विसरभोळेपणा इतका शिस्तशीर नसतो. टेप पाहिला, तर टोकाचा आकडा पडून वाकलेला. म्हणून अण्णा 1 च्या खुणेपासून मोजत. सुतारांची ही जुनी युक्ती आहे. मात्र शेवटी एक इंच मिळवावा लागतो, आणि तो तरुण कारागिरांकडूनही राहून जातो. (चांगल्या टेपचा आकडाही किंचित हलतो. तो दोष नव्हे. आतून आणि बाहेरून मोजताना आकड्याची जाडी जमेस धरली जावी, यासाठी ती सोय असते.)

“सूनबाई, डोके नव्हे, टेप वाकलाय म्हणायचा,” असे म्हणून अण्णांनी हत्यारे खाली मागवली.

दुरुस्ती त्यांनीच सुचवली. प्रत्येक पायाखाली सुटा ठोकळा चिकटवला असता, तर तो कधीतरी निखळला असता. त्याऐवजी दोन-दोन पायांखाली एक इंच जाडीची आडवी पट्टी सरस आणि स्क्रूने बसवली. तिची टोके पायांबरोबर कापली, म्हणजे ठेच लागणार नाही. खाली रबर लावले. फळीच्या कडेला दुसऱ्या लाकडाची पट्टी जोडली, ती मुद्दाम केल्यासारखी शोभते. चुकलेली भोके सरस लावलेल्या लाकडी खुंटीने बुजवून शेजारी नवी पाडता येतात. भुसा आणि सरस यांचे लुकण केवळ दिसण्यापुरते. ज्यावर माणसाचा भार येणार, तिथे त्यावर विसंबू नये. डुगडुगणाऱ्या स्टुलाचे लांब पाय कापत बसू नये. प्रत्येक कापणीबरोबर स्टूल बुटके होत जाते. आखूड पायाखालीच भर घालावी.

अर्थात, सगळा दोष टेपवर ढकलता येत नाही. चुका कधी अशा, कधी तशा होऊ लागल्या, तर चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्यावा. पैशांचा हिशेब किंवा ओळखीचे रस्तेही चुकू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

अण्णा आता आकडे फारसे लिहीतच नाहीत. एका सरळ काठीवर हव्या त्या लांबीच्या खुणा करून ती काठीच लाकडावर ठेवतात. करवत खुणेच्या बाहेरच्या बाजूने चालवतात, कारण तिच्या पात्याने खाल्लेले लाकूडही मापातूनच जाते. सध्या त्या काठीवर शेजारच्या आजोबांच्या पायटेकणीची खूण आहे.