झाशीच्या चौकातून गवताच्या शाळेकडे

झाशीला जाणारा मराठी माणूस बहुधा एकाच ओढीने जातो. नारो शंकरांनी १७४२ च्या सुमारास वसवलेले हे गाव, राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला, त्यांचे लग्न जेथे लागले ते गणेशमंदिर, गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिलेला १८५८ चा वेढा. हे सारे आपल्या घराघरांत लहानपणापासून सांगितले जाते. आपणही किल्ला अवश्य पाहा. मात्र खाली उतरल्यावर लगेच गाडी गाठण्याची घाई न करता घटकाभर इलाइट चौराह्यावर थांबा.

चौराहा म्हणजे आपला चौक. दुकाने, रिक्षा, फळांच्या गाड्या आणि वाहनांची अखंड रीघ, असा हा झाशीतील गजबजलेला भाग. या गर्दीत एखादी मोकाट गाय शांतपणे रवंथ करीत उभी दिसली, तर तिच्याकडे केवळ अडथळा म्हणून पाहू नका. बुंदेलखंडाचे एक मोठे दुखणे तिच्या रूपाने आपल्यासमोर उभे असते.

या प्रदेशात पाऊस अगदीच थोडा पडतो असे नाही. पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि मातीच्या पातळ थराखाली कठीण खडक असल्याने पुष्कळसे पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात चारा संपतो. मग दूध न देणारी जनावरे मोकळी सोडून देण्याची चाल पडली. तिला येथे ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. पूर्वी ती रब्बीची कापणी झाल्यावर, रानात पीक नसतानापुरती होती. पुढे जनावरे उभ्या पिकांतही शिरू लागली, आणि शेतकऱ्यावर रात्र रात्र जागून राखण करण्याची पाळी आली.

आता चौकातून ग्वाल्हेर रस्त्याला लागा. पहूज धरणाच्या परिसरात भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९६६ पासून भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली काम करीत आली आहे. मोठमोठ्या यंत्रांच्या अपेक्षेने येणाऱ्यास प्रथम दिसते ते साधे गवत! अंजन, गिनी, दीनानाथ, संकरित नेपियर. जे आपण पायाखाली तुडवतो, त्याचीच येथे जातवार पारख चालते.

त्यात नवल करण्याजोगे पुष्कळ आहे. गिनी गवताचेच पाहा. बहुतेक वनस्पतींत परागकण आणि बीजांड यांच्या मीलनातून बी तयार होते, म्हणून लेकरू हुबेहूब आईसारखे निपजत नाही. गिनी आणि अंजन या गवतांत मात्र बीजातला गर्भ अशा मीलनावाचूनही तयार होतो, आणि आईचे गुण जसेच्या तसे पुढे जातात. हे रहस्य उलगडून अन्य पिकांत आणता आले, तर शेतकऱ्याला संकरित बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज उरणार नाही. जगभरचे शास्त्रज्ञ या प्रश्नामागे आहेत.

गवताचा दुसरा गुण आपण घरीही मुलांना दाखवू शकता. दोन पसरट डब्यांत माती भरा. एकात गवत रुजवा, दुसरा उघडा ठेवा. डबे किंचित कलते ठेवून झारीने सारखे पाणी घाला. उघड्या मातीवरून गढूळ लोंढा वाहील. गवताखालून पाणी निथळेल ते पुष्कळच स्वच्छ. माती का वाहून जाते, हे मुलांना मग निराळे सांगावे लागत नाही.

परंतु प्रयोगशाळेतले ज्ञान गावात नेणे हे डब्यातील प्रयोगाइतके सोपे नाही. २०१५ मध्ये परिषदेने ‘मेरा गाँव मेरा गौरव’ हा उपक्रम सुरू केला. त्यात चार शास्त्रज्ञांच्या गटाने पाच गावांशी संबंध ठेवावा, अशी योजना होती. शास्त्रज्ञ गावात बियाणे नेतील, ठोंबे लावून दाखवतील, मुरघास कसा करावा ते सांगतील. संस्थेच्या वाफ्याला कुंपण असते. गावाच्या गायरानाला ते नसते. एकाने बांधावर गवत लावले आणि शेजाऱ्याने जनावरे मोकळी सोडली, तर कोवळे ठोंब आठवडाभरही टिकत नाहीत. गवत असल्यावाचून गाय दावणीला राहत नाही, आणि गाय दावणीला राहिल्यावाचून गवत वाढत नाही. ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सुटणारी नव्हे. ती सुटते गावाच्या पारावर.

तशी ती काही अंशी सुटू शकते, याची साक्ष झाशी जिल्ह्यातच आहे. बुंदेलखंडात ‘हवेली’ नावाची जुनी रीत होती. शेताच्या सखल बाजूस मातीचा बांध घालून पावसाळाभर पाणी अडवायचे, ऑक्टोबरात ते सोडून द्यायचे, आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. काळाच्या ओघात असे बांध फुटले आणि पडून राहिले. झाशीच्याच केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्याने २०११-१२ पासून परसई, छतपुर आणि बछौनी या गावांच्या सुमारे १,२४६ हेक्टर पाणलोटात काम केले. फुटलेली हवेली पक्क्या बांधकामाने पुन्हा उभी राहिली, ओढ्यांवर बंधारे आले, आणि विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरपर्यंत वर आली. येथे शास्त्रज्ञांनी गावाला शिकवले हे खरे. पण गावाच्या पूर्वजांपासून ते आधी काही शिकले, हेही तितकेच खरे.

परतताना आपण पुन्हा इलाइट चौकात याल. ती गाय कदाचित तेथेच असेल. आता तिच्याकडे पाहताना आपल्या गावाकडची मारवेल आणि पवन्या ही गवतेही आठवा. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी दख्खनच्या पठारापासून बुंदेलखंडापर्यंत पसरलेला प्रकार याच दोन गवतांच्या कुळांवरून ओळखला जातो. म्हणजे झाशीशी आपले नाते केवळ इतिहासाचे नव्हे, तर मातीचेही आहे. आपल्या गावचे गायरान आज कोणत्या स्थितीत आहे, हे पुढच्या सुटीत मुलांना बरोबर घेऊन एकदा पाहून या.