शंभर लिटरचा संसार

टोकावडे, माळशेजचा पायथा

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

निघताना तुम्ही विचारलंत, "सुट्टीला चाललात की बिऱ्हाड हलवताय?" बिऱ्हाडच हलवतोय. शहाडचा पूल ओलांडला आणि कांब्याच्या पुढे आमच्या कॅरॅव्हॅनमधली मागची कपाटं अशी खडखडायला लागली, की ओवीने कानात बोटं घातली. मुक्कामाला पोचल्यावर मिलिंदने हवा-पाणी बघायच्या आधी स्क्रूड्रायव्हर काढला. बिजागऱ्या, कड्या, शेगडीचे नट, पलंगाखालचे बोल्ट, सगळं आवळलं. हे दर मुक्कामाचं काम. आपल्या घरच्या भिंतीतला खिळा वर्षानुवर्षं हलत नाही, कारण भिंत कुठे जात नाही.

गॅसची काळजी करू नका. नळकांडं 5 किलोचं आहे, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद असतो, आणि थांबल्यावर मी जोडणीला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून त्या कप्प्याला तळाशी भोक ठेवलंय. मिस्त्री ते बुजवायला निघाला होता, "ताई, पावसात पाणी शिरंल." मिलिंदला एवढ्या मोठ्याने बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

आता पाणी. टाकी 100 लिटरची. शहरात पाणीपुरवठ्याचा हिशेब करताना माणशी रोज 135 लिटर धरतात. इथे आम्हा तिघांना या एका टाकीवर दोन दिवस काढायचे. तुमचं ऐकलेलं सगळं इथे कामाला येतंय. भांडी आधी कागदाने पुसायची, तांदळाच्या धुवणात चमचे बुडवायचे, नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्याला ओरडायचं. पाणीबंदच्या आदल्या रात्री ड्रम, कळशा, पातेली भरून ठेवणाऱ्या डोंबिवलीकरणीला असल्या गाडीत कुणी नव्याने काही शिकवायला नको. पुण्याची माझी मैत्रीण अशाच गाडीतून गेली होती, तिची टाकी पहिल्याच संध्याकाळी संपली.

तुमची,
अपर्णा

पिंपळगाव जोगा, ओतूरजवळ

ती. आई,
सा. न.

घाट व्यवस्थित चढलो. धरणाच्या पाण्यापासून बरंच लांब, शेतमालकाला विचारून गाडी लावलीय. जमीन उतरती होती, म्हणून पुढच्या डाव्या चाकाखाली लाकडी पाचर घातली. गाडी तिरकी राहिली तर मोरीचं पाणी भलत्याच कोपऱ्यात साचतं, आणि झोपेत ओवी माझ्या अंगावर घरंगळते ते वेगळंच.

काल रात्री पंप मधूनच कुरकुरायला लागला. कुणी नळ सोडलेला नाही आणि तरी पंप दोन सेकंद चालून थांबतो, म्हणजे कुठेतरी दाब सुटतोय. मिलिंदने टॉर्च घेऊन पाइपाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळत नेला. जिथे ओला झाला तिथे क्लिप सैल. हातात धरून बघितलं तर कळतही नाही इतकी बारीक ओल. क्लिप आवळली, पंप गप्प.

पुढचं लिहायला संकोच वाटतो, पण तुम्ही चाळीत दिवस काढलेत, तुम्हाला काय सांगायचं. गाडीतल्या संडासाखाली वीसेक लिटरची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती बाहेरच्या बाजूने ओढून काढायची, चाकं लावलेल्या बॅगेसारखी न्यायची आणि खऱ्या संडासात रिकामी करायची. ओढ्यात नाही, झुडपात नाही, गटारात तर नाहीच. ओतूरला एका सार्वजनिक शौचालयाच्या माणसाला मिलिंदने आधीच सगळं समजावून सांगितलं, जास्तीचे पैसे देऊ केले. त्याने पेटीकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतः?" पेटीच्या रबरी कड्याला सिलिकॉनचं वंगण लावायचं असतं, व्हॅसलीनने रबर फुगतं आणि मग झडप गळते. तेही मिलिंदच करतो. घरी बाथरूम कोण घासतं ते तुम्ही जाणता. इथे तो रांग मोडून पुढे येतो, कारण पेटी भरल्याचा लाल दिवा सगळ्यांना सारखाच दिसतो. घरातल्या कामांनाही असे दिवे बसवावेत असं माझं स्पष्ट मत झालंय.

साबणाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये जमतं. तेही कुणाच्या बांधावर ओतत नाही.

अपर्णा

शेंडी, भंडारदरा

ती. आई,
सा. न.

ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असं करत आलो. 1926 साली पुरं झालेलं हे धरण तुम्ही नाना असताना पाहिलंय म्हणालात. तेव्हा मुक्कामाच्या सोयी काय होत्या ते आल्यावर विचारीन. 2021 साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृहं असलेल्या पार्कची कल्पना आहे. आमच्या वाटेवर एकही लागला नाही. लोकांनी मात्र कुठे अडवलं नाही. फक्त गाडी आतून बघायला आख्खी वाडी येते.

वीज पुरतेय. लिथियम बॅटरी 200 अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण अडीच युनिट. फ्रिज, दिवे, पंखा निघतात, मिक्सर दोन मिनिटं. छतावरच्या पॅनेलवर डोंबिवलीची धूळ थापून बसली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर दुपारचा आकडा लगेच वर चढला. लोडशेडिंगच्या काळात वाढल्यामुळे गरज नसलेला दिवा आपला हातच बंद करतो. ओवीला ते अजून शिकवावं लागतं.

अपर्णा

शहापूर

ती. आई,
सा. न.

कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरलो. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून ऐन वळणावर ढिले पडतात. मागे ट्रक हॉर्न देत होते, देऊ देत.

टाकी इथे भरायची होती. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची धरणं याच तालुक्यात. तानसा तर 1892 चं. पण हमरस्ता सोडून आत वळलो, तर एका पाड्यावर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या. हातपंप दिसत होता, एकीने "भरा की ताई" असंही म्हटलं. मी नको म्हटलं. मिलिंदने काही न बोलता गाडी फिरवली. शहापूर गावात जारवाल्याकडून पाणी विकत घेतलं. रात्री भांडी धुताना मी टाकीच्या काट्याकडे बघितलंही नाही, पाणी आपोआपच कमी वापरलं गेलं. 135 लिटरचा तो हिशेब कुणासाठी केलेला आहे, हे मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

उद्या पडघ्यावरून कल्याण आणि मग घरी. पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा गाडी नुसती उभी करून चालणार नाही. छतावरच्या झरोक्याभोवतीचं सीलंट भेगाळलंय, ते खरवडून नवं भरायचं. टाकी रिकामी करून 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट लिटरला एक मिली या मापाने घालून काही तास ठेवायची, नळातून सोडायची आणि वास जाईपर्यंत धुवायची. गाद्या उभ्या करून, कपाटांची दारं उघडी टाकून ठेवायची, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी. बॅटरी सोडवायची. महिन्यातून एकदा गाडी मागे-पुढे करायची, एकाच जागी उभी राहिली की टायर बसतात. आणि उंदीर! तुम्ही जिला हाकलता ती जिन्यातली मांजर चार महिने राहू द्या, वायरिंग तिच्यापेक्षा महाग आहे.

सेक्रेटरींना सांगून भिंतीकडची जागा मोकळी ठेवायला लावा. कामवाल्या मावशींना परवा सुट्टी द्या. तेवढी भांडी मिलिंद घासेल, त्याचा हात बसलाय. आणि तळमजल्यावरच्यांकडे आपली ॲल्युमिनियमची शिडी आहे, ती आजच मागून घ्या. ते परत द्यायला विसरतात.

अपर्णा