आशाताईला मी खोटं सांगितलं

मागच्या आठवड्यात आमच्या नंदनवनात आशाताई सर्व्हेला आली होती. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो 'सीबॅक' फॉर्म भरतात ना, तोच. तंबाखू, कमरेचा घेर, बीपी-शुगर सगळं विचारून झालं. मग साठीच्या पुढच्यांसाठीचा एक प्रश्न आला : "बाबाजी जवळच्या माणसांची नावं नाहीतर घरचा पत्ता विसरतात काय?"

बाबा समोरच खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "नाही."

खरं सांगतो. दिवाळीनंतर एका सकाळी बाबा दूध आणायला निघाले अन् दोन तास परतलेच नाहीत. जगनाडे चौकातल्या पानठेलेवाल्या भाऊने ओळखलं, म्हणून घरी आले. एकदा मलाच विचारलं, "तू कोणाचा रे?" आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं, होतेच थोडं.

मग खोटं का बोललो? बाबांच्या तोंडावर कसं सांगू? अन् घरात मुलीचं लग्न जमवणं चालू आहे. 'यांच्याकडे डोक्याचा आजार आहे' ही गोष्ट पसरायला किती वेळ लागते!

त्या रात्री झोप लागली नाही, वाचत बसलो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका पाहणीत 65 वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शिया 2.44 टक्के निघाला होता. 2023 च्या देशव्यापी अभ्यासात 60 वर्षांवरच्यांत 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं. आजार तिप्पट वाढला असा याचा अर्थ नाही, मोजायची पद्धत वेगळी होती. देशव्यापी अभ्यासात 4,096 ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या अन् जवळच्या माणसालाही वेगळं विचारलं. म्हणजे घरचा माणूस खरं बोलला, तरच आकडा खरा.

7.4 टक्के म्हणजे तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. आमच्या गल्लीत साठीच्या पुढचे चाळीसेक जण आहेत. देशाची सरासरी धरली तर तीन तरी असावेत. मला बाबांशिवाय एकही माहीत नाही. बाकी घरांनीही माझ्यासारखंच 'नाही' सांगितलं काय? कागदावर वस्तीत कोणीच नसेल, तर तपासणी शिबिर अन् डे-केअर कोणासाठी मागणार?

काल आशाताईला फोन केला. "ताई, बाबांचा फॉर्म दुरुस्त करा."

"करते भाऊ. पण आधी डॉक्टरला दाखवा."

दाखवलं. बी-12 अन् थायरॉइडची तपासणी सांगितली आहे. त्यानेही विसरायला होतं अन् त्यावर औषध आहे. रिपोर्ट यायचा आहे. काय निघेल ते निघेल, पण आता लपवणार नाही.

तुमच्याकडे आशाताई आली तर खरं सांगा. म्हाताऱ्या माणसासमोर जीभ रेटत नसेल, तर तिला गेटपर्यंत सोडायला जा अन् तिथे सांगा.