संध्याकाळचा फोटो-वर्ग

एप्रिलात ऊन कललं की आमच्या गटाचे सात-आठ जण मोबाईल घेऊन लोह्याकडच्या उन्हाळी भुईमुगात उतरतो. सल्ला देणारे लातूरला, त्यांना पीक दिसतं ते फोटोतच.

मावळतीचं ऊन फोटोला लई भारी, पण हिरवं पानबी पिवळं दाखवतं! म्हणून पानावर आपलीच सावली पाडायची, शेजारी कोरा कागद धरायचा. मग अख्खं झाड, शेंड्याचं पान, बुडाचं पान असे वेगवेगळे फोटो. शेंडा पिवळा अन् शिरा हिरव्या, तर लोह कमी. आधी बुडाची पानं पिवळी, तर बहुतेक नत्र. "लोहा तालुक्यात लोह कमी!" म्हणून हशा पिकला. पण फोटो फसवा निघाला तर फेरस सल्फेटच्या जागी युरिया पडतो, पैसा मातीत.

उद्या पानाची खालची बाजू. फुलकिडे पळतात, हात हलू द्यायचा नाही.