लिंकनांची वंशावळ: काही टिपणे

डिसेंबर १८५९. इलिनॉयमधले स्नेही जेसी फेल यांनी मागितली म्हणून अब्राहम लिंकन यांनी आपली थोडक्यात माहिती लिहून दिली. आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत आले आणि त्यांच्या आधीची पिढी पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतली, इथवर त्यांना ठाऊक होते. मॅसॅच्युसेट्समध्ये याच आडनावाचे एक जुने घराणे होते. त्या घराण्याशी नाते लावून पाहिले, पण एनॉक, लेव्ही, मॉर्देकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावे दोन्हीकडे आढळतात, याहून अधिक काही हाती लागले नाही, असे त्यांनी त्यातच लिहून ठेवले आहे. पुरावा नव्हता, म्हणून त्यांनी नाते सांगितले नाही. वंशावळीचा शोध घेणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा.

*

ते नाते खरे होते. मधला दुवा न्यू जर्सीत होता.

*

मूळ पुरुष सॅम्युएल. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या हिंगहॅम गावचा. नॉरिचच्या फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराकडे उमेदवारी करत होता. १६३७ मध्ये मालकाच्या कुटुंबाबरोबर तोही जहाजाने निघाला. प्रवाशांच्या यादीत तो ‘नोकर’ म्हणून येतो, वय १८. हिंगहॅमच्या चर्चमधली त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मात्र ऑगस्ट १६२२ ची आहे. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला असेल, तर जहाजावर चढताना पोराला पंधरावेही पूर्ण झालेले नव्हते. दोन अस्सल कागद, दोन वये. अशा वेळी सोयीचा एक कागद ठेवून दुसरा टाकायचा नसतो, दोन्ही नोंदवायचे असतात.

*

मॅसॅच्युसेट्समध्ये नव्या वसाहतीलाही लोकांनी हिंगहॅम हेच नाव दिले होते. तिथे लिंकन आडनावाची बरीच माणसे होती आणि त्यांत थॉमस लिंकन चार. गावाने त्यांना धंद्यावरून ओळखले: विणकर थॉमस, पिंपे करणारा थॉमस, गिरणीवाला थॉमस, शेतकरी थॉमस. विणकर थॉमस हा सॅम्युएलचा भाऊ. नोंदीतला धंद्याचा हा एक शब्द वगळला, तर चार घरांची मुले एकाच घरात जाऊन बसतील.

*

सॅम्युएलचा मुलगा मॉर्देकाय लोहार झाला. त्याचा मुलगाही मॉर्देकाय. हा दुसरा मॉर्देकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीत गेला. तिथे हॅना सॉल्टरशी त्याचे लग्न झाले आणि पुढे तो पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीचा भागीदार झाला. बर्क्स काउंटीत त्याने १७३३ मध्ये बांधलेले दगडी घर अजून उभे आहे.

*

न्यू जर्सीत ॲलनटाउनजवळच्या जुन्या दफनभूमीत एक लहानसा दगड आहे. त्यावर डेबोरा लिंकन हे नाव, वय ३ वर्षे ४ महिने आणि तारीख १५ मे १७२०. आडनावातले एक अक्षर पाथरवटाने गाळले आहे. ही मॉर्देकायची मुलगी. मोठमोठ्या ग्रंथांत या मुलीला जेमतेम एक ओळ मिळते. पण ते कुटुंब त्या वर्षी त्या भागात राहत होते, याची साक्ष तिच्या दगडाने दिली आहे. ही तारीख वाचताना मला दर वेळी थांबावेसे वाटते.

*

दुसरी साक्ष मृत्युपत्राची. मॉर्देकाय १७३६ मध्ये वारला. पेनसिल्व्हेनियात केलेल्या मृत्युपत्रात त्याने थोरला मुलगा जॉन याच्या नावे न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन ठेवली. जॉनने पुढे ती विकली, त्याचा दस्त झाला. म्हणजे न्यू जर्सीचा मॉर्देकाय आणि पेनसिल्व्हेनियाचा मॉर्देकाय हा एकच माणूस. अशा कागदांच्या आधारे सॅम्युएल शॅकफर्ड यांनी १८८७ मध्ये अध्यक्षांची वंशावळ न्यू इंग्लंडपर्यंत नेली. तोवर लिंकन यांना जाऊन २२ वर्षे झाली होती.

*

पूर्वज क्वेकर पंथाचे होते, असे घरात सांगत असत. लिंकन यांनीही तसेच लिहिले आहे. पण १७६० मध्ये जॉनच्या सावत्र भावाने त्या पंथातल्या ॲन बून हिच्याशी लग्न केले, तेव्हा पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल क्वेकर सभेने तिला दोष दिला. याचा अर्थ नवरा क्वेकर नव्हता. घरात चालत आलेली गोष्ट ऐकून जरूर घ्यावी, पण कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वंशावळीत उतरवू नये.

*

जॉन १७६८ मध्ये शेनन्डोआ खोऱ्याच्या वाटेने व्हर्जिनियात उतरला. त्याचा मुलगा कॅप्टन अब्राहम, म्हणजे अध्यक्षांचा आजोबा, १७८२ च्या सुमारास केंटकीत गेला. तिथल्या जमिनीच्या कागदात त्याचे आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे पडले आहे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. आजचे एकच स्पेलिंग धरून शोध घेणाऱ्याला हा कागद सापडणारच नाही.

*

१७८६. कॅप्टन अब्राहम शेतात काम करत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. धाकटा मुलगा थॉमस, म्हणजे अध्यक्षांचा बाप, तेव्हा आठ वर्षांचा होता. मृत्युपत्र नव्हते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि तिथल्या कायद्याने अशा वेळी बापाची जमीन थोरल्या मुलाला जाई. हा कायदा व्हर्जिनियाने १७८५ मध्येच रद्द केला होता, पण नवा कायदा अमलात आला १ जानेवारी १७८७ पासून. मधल्या काही महिन्यांनी थॉमसला भूमिहीन केले. तो मजुरी आणि सुतारकाम करत वाढला.

*

थॉमसने पुढे केंटकीत जमिनी घेतल्या, पण त्यांच्या मालकीचे वाद उभे राहिले. तिथली मोजणीच तशी होती. चतुःसीमा म्हणून अमुक ओक, तमुक ओढा, पलीकडचा दगड. एकाच तुकड्यावर दोन-दोन, तीन-तीन दावे. ओहायो नदीपलीकडे इंडियानात सरकारने आधी मोजणी केली, मग जमीन विकली: सहा मैलांचे चौरस, प्रत्येकाचे ३६ भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. १८१६ मध्ये थॉमस बायकामुलांसह नदी ओलांडून तिकडे गेला. काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे, असे लिंकन यांनी पुढे लिहिले. स्थलांतराला साहसाची हौस चिकटवणाऱ्यांनी हे कारण नीट वाचावे.

*

थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांचे लग्न १२ जून १८०६ रोजी केंटकीतल्या वॉशिंग्टन काउंटीत झाले. लिंकन यांच्या हयातीत ही नोंद पुढे आली नाही आणि विरोधकांनी नाही नाही ते पसरवले. त्यांच्या मृत्यूनंतर लग्नाचे जामीनखत कचेरीच्या दप्तरात मिळाले.

*

नॅन्सीची बाजू फार अवघड. ती १८१८ मध्ये वारली, तेव्हा अब्राहम नऊ वर्षांचा होता. तिची आई ल्यूसी हँक्स हीच होती का, यावर दीडशे वर्षे वाद चालला. २०१५ मध्ये आईकडून मुलीकडे उतरणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या तपासणीने ल्यूसीच्या बाजूने कौल दिला. पुरुषांच्या नावे जमिनी होत्या, म्हणून कागद होते. बायकांच्या बाबतीत रक्ताला विचारावे लागले.

*

व्हर्जिनियात मागे राहिलेल्या लिंकनांच्या शेतांवर गुलाम होते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचे नाव येते. गुलामांचे सहसा फक्त वय, लिंग आणि रंग. देशभरातल्या सर्व कृष्णवर्णीयांची नावे प्रथम १८७० च्या जनगणनेत आली. एका घराण्याचे सात पिढ्यांचे कागद मिळतात आणि त्याच शेतावर राबलेल्या दुसऱ्या घराण्याचा माग १८७० पाशी अडतो. हा काही योगायोग नाही. तो अन्याय कागदावर उतरलेला आहे.

*

बर्क्सची जमीन लेनापी लोकांची. केंटकी ही शॉनी आणि चेरोकी यांची शिकारीची भूमी. लिंकनांच्या प्रत्येक मुक्कामाआधी तिथून कोणाला तरी हटवलेले होते. स्थलांतराच्या नकाशावर तीही नावे लिहिली पाहिजेत.

*

थोर पुरुषापासून मागे जाणारी वंशावळ एकच रेघ दाखवते. घराणे समजायचे असेल, तर त्या रेघेबाहेरची माणसे पाहावी लागतात: तीन वर्षांची डेबोरा, जमीन न मिळालेला थॉमस, यादीत नाव नसलेला मजूर. कोणत्याही घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला बसाल, तेव्हा लेकी, लवकर गेलेली मुले आणि घरी-शेतावर राबलेली माणसे यांच्यासाठी पाने राखून ठेवा आणि त्यांचे कागद आधी शोधा. मूळ पुरुषाचा शोध घ्यायला पुढे कोणी ना कोणी येईलच.