नीरेकाठचे मराठा सुतार

इंदापूरहून सुटलेली सकाळची एसटी उसाच्या पट्ट्यातून बावड्याला पोचते. एप्रिल सरत आला होता. गळीत आटोपलेलं, तोडलेल्या फडांत खोडवा फुटत होता. मला मात्र बाभळी हव्या होत्या, म्हणून गावातून नीरेकडे जाणारी गाडीवाट धरली. पलीकडच्या काठाला माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. खाली नरसिंहपुराशी हीच नदी भीमेला मिळते.

बांधावरच्या जुन्या बाभळींतून ‘क्लिक्, क्लिक्’ ऐकू आलं आणि पाय थबकले. मराठा सुतार! इंग्रज पक्षीतज्ज्ञ लॅथमने १८०१ साली या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवताना त्यात आपल्या मुलखाला जागा दिली, म्हणून तो मला फार जवळचा वाटतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाठ, कपाळ पिवळं. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा, मादीला तो नाही.

वाळक्या, कललेल्या फांदीच्या खालच्या अंगाला ढोली होती. तिच्या तोंडाशी एका पिल्लाची चोच, बाहेर खोडाला बिलगलेली आणखी दोन. नर-मादी आळीपाळीने येत. एकाने साल उचकटून अळी काढली की दुसरं शेजारच्या फांदीवर आवाज देत राही. बाहेरची पिल्लं त्या आवाजामागे शेपटीचा टेकू घेत खोडावर चढत. एक साळुंकी ढोलीत डोकावायला आली, तर दोघंही तुरा फुलवून तिच्यावर धावली. ढोल्या कोरण्याचे श्रम सुतारांचे आणि त्यांवर डोळा साऱ्या रानाचा! पोखरलेल्या ढोलीत नंतर साळुंकी, वल्गुली, पोपट कुणीही संसार थाटतं.

बहुतेक सुतार पक्ष्यांत रात्री ढोलीत पिल्लांपाशी बाप निजतो. ही रीत मला विलक्षण वाटते. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे एकोर्न सुतार तर कुळच्या कुळ एकत्र नांदतात. झाडाला हजारो भोकं पाडून त्यांत ओकची फळं साठवतात, आणि अंडी घातलेल्या जोडीबरोबर थोरली भावंडंही पिल्लांना भरवतात. आपल्या मराठा सुताराचं कुटुंब एवढं मोठं नाही. पिल्लं उडाली तरी काही काळ आईबापांच्या मागेच फिरतात, नंतर पांगतात. पण त्या थोड्या दिवसांत किती शिकवणी होत असेल!

‘‘पाव्हणं, काय न्याहाळताय?’’ मागून एक वयस्कर शेतकरी आले.

‘‘सुतार हाय मामा, पिल्लं काढलीत.’’

‘‘ती फांदी उद्या तोडायची म्हणत हुतो, सरपणाला.’’

‘‘आतलं पिल्लू अजून उडालं नाही. आणि पुढच्या सालीही ढोली कुणाच्या तरी कामी येईल.’’

त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. ‘‘बाप कंचा?’’

‘‘डोक्यामागं लाल असलेला.’’

‘‘त्योच घास आणतोय की!’’ दुर्बीण परत देत ते म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या फांदी. सरपण बांधाच्या त्या टोकाला हाय.’’

मी नदीकडे पुढे निघालो.